नवी लायब्ररी सिडमध्ये गेली, टेस्टिंगमध्ये पोचेना: अडकलेल्या ट्रान्झिशनचं काय करायचं

डेबियन या लिनक्स प्रणालीत लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना लागणारा सामाईक कोड, सांभाळणाऱ्यांची एक रड ठरलेली आहे. नवी आवृत्ती अनस्टेबलमध्ये, म्हणजे सिड या नव्या पॅकेजांच्या पहिल्या मुक्कामी, चढवली. सगळ्या आर्किटेक्चरांवर, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकारांवर, बिल्ड हिरवं झालं. पाच दिवसांची मुदत उलटली. तरी पॅकेज टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढचं स्थिर प्रकाशन जिथे घडतं तिथे, जात नाही. तिकडे सिड वापरणारे ओरडायला लागतात, की अपग्रेड करायला गेलो तर पॅकेजं बसवणारं एप्ट म्हणतंय लिब्रेऑफिस काढून टाकतो. चार मेंटेनर, म्हणजे दुसरी पॅकेजं सांभाळणारे, बग नोंदवून विचारतात, आमचं पॅकेज काल बिल्ड होत होतं, आज काय झालं? आणि अपलोड करणारा बापडा म्हणतो, मी तर फक्त अपस्ट्रीमची, म्हणजे मूळ प्रकल्पाची, नवी आवृत्ती घेतली!

मीही हेच म्हणालो होतो. माझ्याकडे एक मध्यम आकाराची लायब्ररी आहे, चाळीसेक पॅकेजं तिच्यावर उभी आहेत. पहिल्या वेळी शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर अपलोड केली आणि निवांत झोपलो. ते निस्तरण्यात पुढचा दीड महिना गेला. त्यानंतर आणखी तीन ट्रान्झिशनं केली, दुसऱ्यांच्या ट्रान्झिशनांतही हात घातला. खालचं सगळं त्यातून आलंय. क्रम मुद्दाम उलटा ठेवलाय. आधी अडकलेलं कसं सोडवायचं आणि मग मुळात अडकू नये म्हणून काय करायचं, कारण असलं काही शोधत येणारा माणूस अडकल्यावरच येतो.

मोडतं काय

लायब्ररीच्या फाइलला सोनेम, म्हणजे तिची ओळख सांगणारं नाव, असतं, त्याच्या शेवटी एक आकडा. अपस्ट्रीमने एखादं फंक्शन काढलं, एखाद्या स्ट्रक्चरचा आकार बदलला, की तो आकडा वाढवायचा असतो. डेबियनमध्ये तो पॅकेजच्या नावातही येतो: लिबआयसीयू७२, मग लिबआयसीयू७६. आर्काइव्हच्या लेखी ही जुन्या पॅकेजची नवी आवृत्ती नाही, वेगळंच पॅकेज आहे. जुन्यावर लिंक झालेलं प्रत्येक पॅकेज नव्यावर पुन्हा बिल्ड करावं लागतं. ही सगळी वरात सिडमधून टेस्टिंगमध्ये नेणं म्हणजे ट्रान्झिशन.

कोण पुढे जाईल हे ब्रिटनी नावाची स्क्रिप्ट ठरवते. तिचा नियम साधा आहे: तुझ्या येण्याने टेस्टिंगमधलं दुसरं कोणी इन्स्टॉल होईनासं होता कामा नये. लायब्ररींना ती एक सवलत देते. जुनी लायब्ररी कोणी वापरत असेल तर तेवढी जुनी बायनरी टेस्टिंगमध्ये काही काळ राहू देते, म्हणजे सगळ्यांना एकाच दमात जावं लागत नाही. ही सवलत कधी मिळत नाही, ते पुढे येईल. माझा दीड महिना तिथेच गेला.

आधी नीट वाचा, मग मेल लिहा

ब्रिटनी दोन गोष्टी लिहून ठेवते. एक एक्सक्यूजेस, म्हणजे प्रत्येक पॅकेज का अडलंय त्याची सबब. डेवस्क्रिप्ट्समधलं ग्रेप-एक्सक्यूजेस चालवलं की ती समोर येते. दुसरी अपडेट-आउटपुट नावाची लांबलचक, दिसायला भयाण फाइल. बहुतेक जण पहिलीवर थांबतात आणि दुसरीत काय आहे ते रिलीज टीमला मेल करून विचारतात. रिलीज टीमची माणसं सभ्य आहेत म्हणून उत्तर देतात.

एक्सक्यूजेसमधल्या नेहमीच्या सबबी आणि त्यांचे उतारे असे.

बायनरी बिल्डडीवर, म्हणजे डेबियनच्या बिल्ड-यंत्रावर, बनलेली नाही, अशी सबब दिसली तर घाबरू नका. पॅकेजचं नाव बदललं की ते न्यू रांगेतून, म्हणजे नव्या नावांच्या तपासणीतून, जातं, आणि त्या रांगेत बायनरीसकट अपलोड करावं लागतं. पण २०१९ पासून मेंटेनरच्या स्वतःच्या यंत्रावर बनलेली बायनरी टेस्टिंगमध्ये घेत नाहीत. मान्यता मिळाल्यावर आवृत्तीचा डेबियनवाला आकडा एकने वाढवा आणि फक्त सोर्स चढवा. काम संपलं. हे माहीत नसल्यामुळे आठवडाभर वाट बघत बसलेले लोक मी पाहिलेत.

ऑटोपीकेजीटेस्टमध्ये, म्हणजे पॅकेजच्या आपोआप चालणाऱ्या चाचणीत, रिग्रेशन (आधी पास, आता नापास) दिसलं तर कोणाची टेस्ट पडली ते बघा. ती बहुधा तुमची नसते, तुमच्यावर अवलंबून असलेल्या कोणाची तरी असते. ही टेस्ट चालते तेव्हा तुमची नवी लायब्ररी सिडमधली आणि बाकी सगळं टेस्टिंगमधलं असतं. त्यामुळे सिडमध्ये सगळं सुरळीत दिसतं आणि टेस्ट मात्र पडते. जुनं ते पॅकेज नव्या लायब्ररीसोबत खरंच चालत नसेल तर तुमच्या कंट्रोल फाइलमध्ये त्याच्या जुन्या आवृत्तीविरुद्ध ब्रेक्स, म्हणजे 'हिच्यासोबत चालत नाही' अशी नोंद, लिहा. मग दोघांची चाचणी एकत्र होते आणि दोघं बरोबर पुढे जातात. टेस्ट मुळातच लहरी असेल, कधी पास कधी नापास, तर पुन्हा चालवायची विनंती करा. पण आधी लॉग वाचा. तीनदा पुन्हा चालवून चौथ्यांदा हिरवी झालेली टेस्ट पुढच्या ट्रान्झिशनला पुन्हा गळ्यात पडते.

एखाद्या पॅकेजचं रिबिल्ड झालं तरी ते जुन्या लायब्ररीलाच चिकटून असेल, तर त्याच्या कंट्रोल फाइलमध्ये कोणीतरी लायब्ररीचं नाव हाताने लिहून ठेवलेलं असणार. बिन-एनएमयू, म्हणजे सोर्सला हात न लावता फक्त पुन्हा बिल्ड करून आवृत्तीपुढे 'बी१' लावणं, अशा ठिकाणी कुचकामी ठरतं. तिथे सोर्स अपलोडच लागतो. सर्व आर्किटेक्चरांना समान असलेल्या, 'ऑल' प्रकारच्या पॅकेजांचंही तसंच, त्यांना बिन-एनएमयू लागू होत नाही.

आता सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट. एक्सक्यूजेस म्हणतं, स्थलांतराचा प्रयत्न करीन. कसलीच सबब नाही. आणि तरी पॅकेज रोज तिथेच. अशा वेळी अपडेट-आउटपुट उघडा, आपल्या पॅकेजचं नाव शोधा. 'ट्राइंग' अशी ओळ दिसेल, तिच्या खाली 'स्किप्ड', आणि मग एकेका आर्किटेक्चरच्या नावापुढे मोडणाऱ्या पॅकेजांची यादी. सगळा खुलासा त्या यादीत असतो.

माझ्या यादीत सगळ्या आर्किटेक्चरांपुढे जवळजवळ चाळीसच्या चाळीस नावं होती. म्हणजे सवलत मिळालीच नव्हती. का? माझ्या लायब्ररीचं एक 'कॉमन' पॅकेज होतं, भाषांतराच्या फाइली ठेवणारं. जुनी लायब्ररी त्याच्या नेमक्या त्याच आवृत्तीवर अवलंबून होती, बरोबरचं चिन्ह टाकून. नवं कॉमन आलं की जुनी लायब्ररी मोडायची, ब्रिटनीने ती ठेवायची म्हटली तरी. म्हणून चाळीस पॅकेजांना एकदम जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांतलं एक, फारसं कोणी न वापरणारं, एस३९०एक्सवर बिल्ड होत नव्हतं. त्या आर्किटेक्चरवर बाइटांचा क्रम उलटा असतो आणि कोडमध्ये कोणीतरी तो गृहीत धरला होता. एका पॅकेजापायी एकोणचाळीस ताटकळत.

मार्ग दोन होते. बाइटक्रमाची दुरुस्ती करायची, किंवा त्या पॅकेजला टेस्टिंगमधून तात्पुरतं बाजूला काढायला सांगायचं. ते पॅकेज टोकाचं होतं, त्याच्यावर दुसरं कोणी अवलंबून नव्हतं, म्हणून रिलीज टीमने काढून टाकायची सूचना ब्रिटनीला दिली आणि दुसऱ्या दिवशी उरलेली एकोणचाळीस पुढे गेली. दुरुस्ती मी नंतर पाठवली. कॉमनवरची ती बरोबरची अटही सैल केली, 'इतकी किंवा पुढची' अशी. त्यानंतरच्या ट्रान्झिशनला ही सवलत मिळाली आणि पॅकेजं आपापल्या सोयीने तीनतीन, चारचार करत गेली.

आयसीयूचं उदाहरण, कारण ते पुन्हा पुन्हा येतं

युनिकोडचं अवघड काम करणारी आयसीयू ही लायब्ररी ट्रान्झिशन शिकायला उत्तम. वर्षातून दोन मोठ्या आवृत्त्या येतात आणि प्रत्येक वेळी सोनेम बदलतं. शिवाय प्रत्येक फंक्शनच्या नावामागे आवृत्तीचा आकडा चिकटवलेला असतो, म्हणजे ७२ वर लिंक झालेलं पॅकेज ७६ वर चालण्याचा प्रश्नच नाही. डेबियन प्रत्येक आवृत्ती घेत नाही. बुल्सआय या प्रकाशनात ६७ होती, त्यापुढच्या बुकवर्ममध्ये ७२, मग ट्रिक्सीमध्ये ७६.

अवलंबून कोण? लिब्रेऑफिस, पोस्टग्रेस हा डेटाबेस, पीएचपीचं इंटल, क्यूटी, नोड, बूस्ट या सी++ लायब्ररीसंचातला रेजेक्सचा भाग. थोडक्यात, ज्याला अक्षराशी देणंघेणं आहे तो.

नुसतं रिबिल्ड करायचं असतं तर यंत्रांनीच केलं असतं. खरी गंमत आवृत्तीआवृत्तीतल्या बदलांत असते. २०१८ च्या ६१ पासून आयसीयूचं नेमस्पेस आपोआप उघडं मिळेनासं झालं आणि ते गृहीत धरणारा सगळा सी++ कोड पडला. २०२० च्या ६८ ने मोठ्या लिपीतल्या ट्रू आणि फॉल्स या व्याख्या हेडरमधून काढल्या. किती प्रकल्प त्या उसन्या व्याख्यांवर जगत होते हे तेव्हाच कळलं! २०२४ च्या ७५ पासून हेडरना सी++१७ लागतं, त्यामुळे ज्यांच्या मेकफाइलमध्ये सी++११ किंवा १४ ठोकून बसवलेलं होतं ते पडले.

प्रत्येक वेळी दुरुस्ती एकदोन ओळींची. पण ती पन्नास ठिकाणी, पन्नास वेगळ्या माणसांच्या दारात. ट्रान्झिशन अवघड असतं ते इथे, कोडमध्ये नाही. आणि ही पन्नास ठिकाणं अपलोडच्या आधी मोजता येतात, एवढंच मला या सगळ्या लिखाणातून सांगायचंय.

मोजायचं कसं

नवी आवृत्ती आधी एक्सपेरिमेंटलमध्ये, म्हणजे सिडबाहेरच्या प्रयोगाच्या जागी, चढवा. न्यू रांगेची कटकट तिथेच संपते, सगळ्या आर्किटेक्चरांवर बिल्ड होते, आणि ट्रान्झिशनच्या ट्रॅकरवर 'ऑटो' अशा नावाचं पान आपोआप उगवतं. कोण अवलंबून आहे आणि कोण आधी, कोण नंतर बिल्ड व्हायला हवं, हे त्या पानावर पायऱ्यापायऱ्यांनी दिसतं. मग अवलंबून असलेलं प्रत्येक पॅकेज नव्या लायब्ररीवर स्वतः बिल्ड करून बघा. एसबिल्डने एकेक करा, नाहीतर रॅट नावाचं साधन सगळी यादी शोधून ओळीने बिल्ड करतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर चाळीस पॅकेजांना एक रात्र आणि अर्धा दिवस लागला. पंखा गिरणीसारखा घरघरत होता. घरच्यांनी विचारलं, याला काय झालंय?

सोबत एक शंकाही फेडून घ्या: अपस्ट्रीमने सोनेम न वाढवता काही मोडलंय का? असं होतं, आणि ते जास्त वाईट, कारण मग कुठे अडत नाही, थेट वापरणाऱ्याकडे क्रॅश होतं. सिम्बल्सची, म्हणजे लायब्ररीतल्या फंक्शनांच्या नावांची, फाइल ठेवत असाल तर नाहीसं झालेलं फंक्शन बिल्डमध्येच ओरडून सांगतं. स्ट्रक्चरचा आकार बदलल्याचं मात्र तिला कळत नाही, त्यासाठी लिबअबिगेलमधलं अबिडिफ चालवा.

पडलेल्या प्रत्येक पॅकेजवर बग नोंदवा. गंभीरता सुरुवातीला 'इम्पॉर्टंट' ठेवा, कारण अजून तुम्ही काही मोडलेलं नाही. मग रिलीज टीमच्या नावाने ट्रान्झिशनचा बग उघडा आणि हे सगळे बग त्याला अडथळे म्हणून जोडा. किती बिल्ड झाली, किती पडली, किती जणांना पॅच पाठवला, हे आकडे त्यात असले की परवानगी लवकर येते. नसले तर 'आणखी माहिती हवी' असा टॅग लागून परत येतं. परवानगी येईपर्यंत अनस्टेबलला हात लावू नका. हात शिवशिवतात, मला माहीत आहे.

परवानगी का लागते? दुसऱ्या कोणाचं ट्रान्झिशन चालू असू शकतं म्हणून. समजा बूस्टचं चाललंय आणि तुम्ही आयसीयू चढवलं. दोन्हींवर अवलंबून असलेलं एखादं पॅकेज नव्या बूस्टवर आणि नव्या आयसीयूवर बिल्ड होतं. आता ते दोन्ही पोचल्याशिवाय टेस्टिंगमध्ये जाऊ शकत नाही. दोन वराती एका गल्लीत समोरासमोर, आणि मागे हटायला कोणीच तयार नाही. तारखाही बघून ठेवा. ट्रिक्सीच्या वेळी ट्रान्झिशन १५ मार्च २०२५ लाच गोठवली होती आणि प्रकाशन झालं ९ ऑगस्टला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात 'एवढं एकच घेतो' म्हणणाऱ्यांची रांग दर खेपेला असते.

मेंटेनर उत्तर देत नाही

पहिल्या वेळी मी सगळ्यांना एकच मेल पाठवला होता. नवी आवृत्ती येतेय, कृपया आपलं पॅकेज तपासा. चाळीसांपैकी तिघांनी उत्तर दिलं, त्यांतल्या एकाने 'धन्यवाद' एवढंच. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या मेलमध्ये उत्तर देण्यासारखं होतं काय? दिवसभर नोकरी करून रात्री फुकट पॅकेज सांभाळणाऱ्या माणसाला मी माझं काम सोपवत होतो.

पुढच्या वेळी मेल केले फक्त पडलेल्या अकरा जणांना, बगमधूनच. बिल्ड लॉगच्या शेवटच्या दहा ओळी, कारण एका वाक्यात, जोडलेला पॅच, आणि हा पॅच जुन्या लायब्ररीवरही बिल्ड होतो हे सांगणारी एक ओळ. ही शेवटची ओळ सोन्याची आहे. पॅच दोन्हींवर चालत असेल तर मेंटेनर तो आजच चढवू शकतो, तुमच्या तारखेशी त्याचा संबंध राहत नाही. अकरापैकी सातांनी त्याच आठवड्यात पॅच घेतला. एकाने पॅच चूक असल्याचं दाखवलं आणि बरोबर केला. उरलेल्या तिघांकडून काहीच नाही.

त्या तिघांसाठी एनएमयू आहे, म्हणजे दुसऱ्याच्या पॅकेजचा अपलोड आपण करणं. लोक याला उगाच बिचकतात. पॅच बगवर टाकायचा, अपलोड दहा दिवसांच्या विलंब-रांगेत टाकायचा आणि तसं बगवर लिहायचं. मेंटेनर जागा असेल तर तो रद्द करू शकतो किंवा स्वतः चढवू शकतो. ट्रान्झिशन सुरू झालं की त्याच बगांची गंभीरता 'सीरियस' होते. मग न सुधारलेलं पॅकेज ठरावीक मुदतीने टेस्टिंगमधून आपोआप काढलं जातं, फार जणांचा आधार असलेली मुख्य पॅकेजं सोडून. हा धाक म्हणून मेलमध्ये लिहू नका, लोकांना तो माहीत असतो.

जिथे हा क्रम पुरला नाही

१९ जानेवारी २०३८ ला वेळ ३२ बिटांत मावेनासा होतो. त्यासाठी डेबियनने एआरएमसकट ३२ बिटांच्या बाकी आर्किटेक्चरांवर वेळ ६४ बिटांचा केला, फक्त आय३८६ जुन्या बायनरींसाठी तसंच ठेवलं. लायब्ररींच्या नावांना 'टी६४' असं शेपूट लागलं: लिबएसएसएल३ चं लिबएसएसएल३टी६४. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीला हे अनस्टेबलमध्ये सुरू झालं. इथे एकेका लायब्ररीला वेगळी पाळी देणं शक्यच नव्हतं, कारण सगळ्या एकमेकींत गुंतलेल्या. म्हणून सगळं एकदम मोडलं आणि एकदम जोडत नेलं. स्टीव्ह लँगसेक यांनी त्याची धुरा वाहिली.

आणि ऐन त्या धांदलीत २९ मार्चला एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनातला चोरदरवाजा उघडकीला आला. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना सिडवर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला, त्यातून. उबुंटूने २४.०४ ची बीटा आठवडाभर पुढे ढकलून बायनरी पुन्हा बिल्ड केल्या. डेबियनमध्ये आवृत्तीचा आकडा मागे नेता येत नाही, म्हणून परत आणलेल्या जुन्या एक्सझेडचा आकडा झाला '५.६.१+रियली५.४.५'. तुमचं ट्रान्झिशन अर्ध्यात परत फिरवायची पाळी आली तर हीच युक्ती वापरायची आहे. दिसायला ओंगळ, पण चालते.

पायथनवाले जास्त शहाणे. ते नवी आवृत्ती आधी जुनीच्या जोडीला उभी करतात, एक्स्टेन्शन दोन्हींसाठी बिल्ड होतात, पडझड निस्तरली की मग डीफॉल्ट आवृत्ती बदलतात. ३.१२ मधून डिसटयूटिल्स हे पॅकेजं बनवायचं साधन गेलं तेव्हा खूप पॅकेजं पडली, पण जुनी आवृत्ती शेजारीच असल्यामुळे कोणाचं दुकान बंद झालं नाही. सी लायब्ररीत ही चैन क्वचित परवडते. फेडोरात साइड-टॅग असतो: वेगळ्या कोपऱ्यात सगळं बिल्ड करायचं आणि एकदम आत सोडायचं. निक्सवाले असले बदल स्टेजिंग नावाच्या शाखेत साठवतात. सिडमध्ये असा कोपरा नाही, जे होतं ते सगळ्यांच्या देखत.

तुम्ही नुसते वापरकर्ते असाल तर

सिडवर एप्ट पन्नास पॅकेजं काढायला निघालं तर होकार देऊ नका. फुल-अपग्रेडऐवजी साधं अपग्रेड चालवा, ते काही काढत नाही. चारसहा दिवसांनी पुन्हा बघा. बग नोंदवण्याआधी ट्रॅकरवर एक नजर टाका, ट्रान्झिशन चालू आहे हे तिथे दिसेल.

एक गोष्ट मात्र ट्रॅकर हिरवा झाल्यावरही उरते, आणि मराठी डेटा ठेवणाऱ्यांना ती हमखास भेटते. मराठी वर्णमालेत ळ ह नंतर येतो आणि क्ष, ज्ञ शेवटी. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ ल च्या शेजारी बसलाय. आयसीयूकडे मराठीसाठी वेगळे नियम आहेत, म्हणून पोस्टग्रेसमध्ये मराठी नावांच्या स्तंभाला लोक आयसीयूचं मराठी कोलेशन, म्हणजे क्रमवारीचे नियम, लावतात. इंडेक्स त्या क्रमाने डिस्कवर रचून ठेवलेला असतो. आयसीयू बदललं आणि त्याच्या नियमांत कुठे फरक पडला, तर रचलेला क्रम आणि शोधायचा क्रम जुळत नाही. नाव टेबलात असतं, शोधल्यावर सापडत नाही. युनिक इंडेक्समध्ये तेच नाव दुसऱ्यांदा शिरतं.

सिडवर हे साध्या अपग्रेडने होऊ शकतं, कारण पोस्टग्रेसची तीच आवृत्ती नव्या आयसीयूवर रिबिल्ड होऊन येते. बुकवर्मवरून ट्रिक्सीवर जाताना जुनं पोस्टग्रेस १५ आपल्या लिबआयसीयू७२ सकट तसंच राहतं, म्हणून पहिल्या दिवशी काही जाणवत नाही. पोस्टग्रेस १७ वर क्लस्टर, म्हणजे सगळे डेटाबेस, नेताना डम्पच्या पद्धतीने, डेटा बाहेर काढून पुन्हा भरत, नेलं तर इंडेक्स नव्याने बांधले जातात. वेळ वाचवायला फाइली लिंक करून नेलं तर जुने इंडेक्स जसेच्या तसे नव्या आयसीयूखाली येतात. तेव्हा कोलेशनची आवृत्ती जुळत नसल्याच्या पोस्टग्रेसच्या इशाऱ्याची वाट न बघता आधी रीइंडेक्स करा आणि मगच कोलेशनची आवृत्ती रिफ्रेश करा. उलट क्रमाने केलंत तर इशारा जाईल आणि बिघडलेला इंडेक्स तसाच राहील.